सतरा थांब्यांचा नकाशा

१

सोमवार, ५ फेब्रुवारी १९६८. सकाळचे आठ वाजून चाळीस मिनिटे. बोईसरच्या आरेखन कार्यालयातल्या तिसऱ्या टेबलावर एक पत्र्याची डबी होती, तिच्यात ड्रॉइंगच्या पिना चार. त्या चार पिनांनी ज्याचे चार कोपरे टेबलाला धरून ठेवायचे, तो नकाशा मात्र कुठेच नव्हता.

दामोदर काशिनाथ सावे यांनी डबी उघडून पिना मोजल्या, डबी मिटली, पुन्हा उघडून पुन्हा मोजल्या. बत्तीस वर्षे तांत्रिक शाळेत भूमापन आणि आरेखन शिकवलेला माणूस पहिल्या मोजणीवर विसंबत नाही. दुसऱ्यांदाही चारच भरल्या.

सावे मास्तर मूळचे माहीमचे. निवृत्तीनंतर नारळ-सुपारीची वाडी बघत स्वस्थ बसले असते. पण पुण्याला भूमापन अभियंत्यांचे अधिवेशन ठरले, आणि स्वागत समितीतल्या चौघांपैकी तिघे त्यांचेच विद्यार्थी निघाले. त्यांनी पाहुण्यांच्या सांस्कृतिक सहलींचे सगळे नियोजन गुरुजींच्या गळ्यात घातले. पुण्यातल्या दोन फेऱ्या, एक पेठांमधली देवळे आणि वाडे दाखवणारी, दुसरी विद्यापीठ आणि जुन्या महाविद्यालयांची, मास्तरांनी डिसेंबरातच बेतून तक्ते पाठवून दिले होते. तिसरी सहल त्यांच्या जिवाभावाची होती : तारापूरपासून केळव्यापर्यंतचा किनारा. पाहुणे सेहेचाळीस, थांबे सतरा.

या तिसऱ्या सहलीचा नकाशा काढायला वीजकेंद्राच्या बांधकामावरच्या या कार्यालयाने टेबल दिले आणि हात दिला पंढरी वाघचौरे याचा. पंढरी निफाडकडचा, वय सव्वीस, रोजंदारीवरचा ट्रेसर. त्याने पाच आठवडे खपून निळसर झाक असलेल्या खळीच्या कापडावर काळ्या शाईने जो किनारा उतरवला, तो पाहून मास्तर पहिल्या दिवशी नुसते चष्मा पुसून पुन्हा खाली वाकले होते. खाडीची रेघ अशी, की ओहोटीला उघडा पडणारा चिखल वेगळा कळावा. किल्ल्यांचे बुरूज तांदळाएवढे, पण कुठला ढासळला आहे आणि कुठला शाबूत, ते ओळखू यावे. प्रत्येक थांब्यापाशी कंपासने काढलेले दुहेरी वर्तुळ. या कापडाची खळ पाण्याच्या एका थेंबाने उतरते, म्हणून घाम गळू नये यासाठी पंढरी कपाळाला उपरणे बांधून काम करी.

शनिवारी दुपारी पुण्याचे पत्र आले होते : सहल रविवार, १८ तारखेऐवजी २५ तारखेला. मास्तरांनी लगेच तिथी पाहिली. किनाऱ्यावरचा माणूस तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास काढतो. अठराला चतुर्थी, म्हणजे भरती तीनला आणि ओहोटी सकाळी नऊला. पंचवीसला वद्य द्वादशी, म्हणजे भरती नऊला आणि ओहोटी दुपारी तीनला. केळव्याच्या पाणकोटात, म्हणजे समुद्रातल्या किल्ल्यात, कोरड्या पायांनी जायचे, तर सकाळचा थांबा दुपारी न्यायला हवा. वेळापत्रक आणि तारीख होती नकाशाच्या उजव्या तळकोपऱ्यातल्या शीर्षकाच्या चौकटीत. मास्तरांनी खिशातल्या घडीच्या कात्रीने ती चौकट नेटकी कापून आपल्या वहीत ठेवली आणि रविवारी घरी बसून नवी तयार केली. आता सोमवारी ती चिकटवायची, छपाई सांभाळणाऱ्या बन्सीकडून प्रती काढून घ्यायच्या आणि छापील प्रती गुरुवारच्या आत पुण्याला पाठवायच्या.

आणि नकाशाच नाही.

कार्यालयाचे प्रमुख प्रधान नऊ वाजता आले. शनिवारी ते मुंबईला बैठकीला होते. ऐकताच त्यांचा चेहरा उतरला.

"मास्तर, तुमच्या लेखी तो सहलीचा नकाशा. माझ्या लेखी त्यावर स्टेशनपासून समुद्रापर्यंतचा प्रत्येक रस्ता आहे, आणि त्यातला एक आपल्या कुंपणाला लागून जातो. असा कागद हरवला तर मला सुरक्षा विभागाला कळवावंच लागतं."

"कळवा. पण आधी शोधू."

"शोधायचं काय? पंढरी आज कुठाय?"

"घरी. गुरुवारी मुलगा झालाय त्याला. आज पाचवी."

प्रधानांनी खणातून एक टाइप केलेला कागद काढला. पंढरी वाघचौरेला कायम करण्याचा हुकूम. खाली सहीची जागा मोकळी.

"आज सही करणार होतो," ते म्हणाले. "उद्या संध्याकाळी पाचपर्यंत नकाशा टेबलावर आला नाही, तर हा फाडीन आणि त्याचं नाव वर कळवीन. नकाशा त्याच्या ताब्यात होता. नंतर तुम्हीही मध्ये पडू नका."

२

मास्तरांनी वही उघडली. डाव्या पानावर माहीत असलेले, उजव्या पानावर माहीत नसलेले, ही त्यांची शिकवण्याची आणि जगण्याचीही रीत.

डावीकडे पहिली नोंद पिनांची. घाईत ओढलेल्या कापडाच्या पिना जमिनीवर उडतात, एखादी फळीखाली जाते. इथे चारही नखाने उचकटून डबीत ठेवलेल्या. म्हणजे ज्याने नकाशा काढला त्याला घाई नव्हती आणि भीतीही नव्हती.

छपाईच्या खोलीत प्रती काढायला लागणाऱ्या अमोनियाचा भपकारा येत होता. बन्सी डोळे चोळत बाहेर आला. कायम होण्याची जागा एकच होती आणि उमेदवार दोन : पंढरी आणि बन्सी.

"या, मास्तर. माझीच वाट बघत असाल," बन्सी म्हणाला. "नकाशा गेला, पंढरी गेला, जागा बन्सीला. गणित सोपं आहे ना?"

"गणित सोपं दिसलं की मी ताळा करतो. शनिवारी किती वाजता निघालास?"

"पाचच्या भोंग्याला. सायकलवर. मागच्या कॅरियरवर दळणाची पिशवी. विचारा रामसुमेरला, त्यानं पिठातसुद्धा हात घातला."

"नकाशा तेव्हा कुठं पाहिलास?"

"टेबलावरच. तुम्ही त्यावर वाकून बसला होतात." बन्सीच्या आवाजातली खोच गेली. "एक सांगू का? पंढरीची रेघ माझ्याहून चांगली आहे. मला जागा हवी आहे, नाही कशाला म्हणू? पण त्यानं काढलेलं कापड मी चोरलं, तर पुढं स्वतःची रेघ कुठल्या तोंडानं ओढू? आणि तो विकेल म्हणता? अहो, तो शाईचा डागसुद्धा विकणार नाही."

मास्तरांनी डाव्या पानावर लिहिले : बन्सी, पाच वाजता, पीठ. त्याखाली विनाकारण आणखी एक ओळ लिहिली : प्रतिस्पर्ध्याचे कौतुक करतो.

फाटकावर रामसुमेर पहारेकरी स्टुलावर ताठ बसला होता. त्याच्या इमानाला कुणी नुसता धक्का लावला तरी तो उभा राही. तसा तो उभा राहिला.

"नक्शा? एक भी नहीं निकला, मास्टरजी. हम तो औरतों की टोकरी भी खुलवाते हैं."

"शनिवारी दुपारनंतर कोण कोण बाहेर पडलं?"

रामसुमेरने बोटे मोजली. "एक बजे पंढरी, खाली डिब्बा लेकर. पाँच बजे बन्सी, आटा लेकर. फिर आप. फिर वो चिंचणीवाली बहनजी आईं, थोड़ी देर में गईं, झोले में किताबें थीं. आख़िर में भागीबाई, टोकरी में झाड़ू और रद्दी. उसके बाद ताला. इतवार को चिड़िया भी नहीं आई."

"तुमने सबका सामान देखा?"

"अपनी आँख से. नक्शा होता तो हम जाने देते?"

दुपारपर्यंत प्रधानांनी सगळे कार्यालय उलटेपालटे करवले. कपाटे हलवली, माळा झाडला, छपाईयंत्राच्या मागे कंदील धरून पाहिले. मास्तर स्वतः गुडघ्यांवर बसून टेबलाखाली गेले. सापडले ते एवढेच : तुटकी पेन्सिल एक, विड्यांची थोटके दोन.

नकाशा फाटकातून बाहेर गेला नव्हता, आणि आतही नव्हता. मास्तरांनी दोन्ही वाक्ये वहीत एकाखाली एक लिहिली. दोन्ही खरी असणे शक्य नव्हते. पण रामसुमेर खोटे बोलत नव्हता, आणि कार्यालयाची फरशी तर मुळीच खोटे बोलत नव्हती.

३

"चिंचणीवाली बहनजी" म्हणजे चंद्रकांता. चिंचणीच्या शाळेत शिकवायच्या, सहल समितीवर होत्या, पाहुण्यांसाठीची माहितीपुस्तिका त्यांनीच लिहिली होती. आणि गेले दोन आठवडे त्या मास्तरांशी भांडत होत्या. नकाशा हरवल्याची बातमी शाळेत आधीच पोहोचली होती. ओसरीवर मास्तरांना बघताच त्यांनी वर्गाला पाढे म्हणायला लावले.

"आरोपी मीच असणार," त्या म्हणाल्या. "शेवटी कोण गेलं होतं टेबलापाशी? चंद्रकांता. नकाशावर राग कुणाचा? चंद्रकांताचा."

"राग आहे?"

"नसेल? सतरा थांबे, त्यात किल्ले चार. पण माझ्या चिंचणीतला माणूस पोलादाच्या ठोकळ्यावर भिंगातून बघत दागिन्याचा साचा कोरतो, त्याची फुलाची पाकळी तुमच्या पंढरीच्या बुरुजाहून बारीक असते, ते दाखवायला अर्धा तास नाही! पाहुणे मोजणीवाले आहेत, मास्तर. त्यांना पडक्या भिंतीपेक्षा असा हात बघून जास्त आनंद होईल."

मास्तरांना हे पटले, आणि ते पटायला दोन आठवडे लागले याची थोडी लाजही वाटली.

"शनिवारी कशासाठी आला होतात?"

"तुम्हाला शेवटचं विनवायला. तुम्ही नुकतेच गेला होतात. मग म्हटलं, नकाशा तरी बघून जाऊ. भांडण तुमच्याशी, त्याच्याशी नाही. किती वेळ उभी होते, माहीत नाही. मी रोज ज्या वाटेनं शाळेत येते ना, ती त्या कापडावर पहिल्यांदा पाहिली." त्या हसल्या. "कोपरा तेवढा नव्हता."

"तो मी कापला. तारीख बदलली म्हणून."

"तेच म्हटलं, एवढ्या देखण्या कापडाचा कान कुणी छाटला?"

"तेव्हा वाजले किती होते?"

"साडेपाच. तुमच्या भिंतीवरच्या घड्याळात. भागीबाई झाडत होती. मला म्हणाली, बाई, पाय उचला."

मास्तरांनी लिहिले आणि अधोरेखित केले. पंढरी एक वाजता गेला, परत आला नाही. साडेपाचला नकाशा टेबलावर होता. मास्तरांनी स्वतः पाचनंतर तो पाहिला होताच, पण आता बाहेरचा साक्षीदारही मिळाला : पंढरीने तो नेला नव्हता. छातीवरचे ओझे अर्धे उतरले.

"आणखी एक," चंद्रकांता मागून म्हणाल्या. "पिना डबीत सापडल्या असं ऐकलं. मास्तर, चोर कधी पिना डबीत ठेवतो का? माझ्या वर्गातली पोरं ठेवत नाहीत. तसं नीट आवरून नेणारा माणूस म्हणजे आपण नेतोय ते आपलंच आहे, अशी खात्री असलेला माणूस."

आत पाढे एकोणतिसावर येऊन अडखळले होते. मास्तर निघाले ते थेट पाम गावच्या रस्त्याला लागले. पंढरीला तोंडी सांगावे, घाबरू नकोस, वेळेचा पुरावा तुझ्या बाजूचा आहे. पाचवीच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून त्यांनी वाटेत पाच केळी आणि खडीसाखर घेतली.

४

पंढरीची खोली पामच्या चाळीत शेवटची. उंबऱ्यात पोहोचायला पाच वाजले. आत पाटावर सटवाईची पूजा मांडलेली : सुपारी, हळदकुंकू आणि कोरा कागद. रात्री सटवाई येऊन बाळाचे नशीब लिहिते म्हणून कागदाशेजारी लेखणी ठेवतात. पंढरीने आपला रेघा ओढायचा पेन ठेवला होता, घासून लखलखीत केलेला.

"मास्तर, तुम्ही आलात!" पंढरीने सतरंजी झटकली. "बन्सी सांगून गेला नकाशाचं. मी आत्ता निघणारच होतो. पाच आठवडे, मास्तर... पाच आठवडे."

"बस. तुला काही होणार नाही. आधी मुलगा दाखव."

आतून पंढरीची बायको सोजरा हळूच म्हणाली, "अहो, उजेडात दाखवा. मास्तरांचा चष्मा हाये."

भागीबाई बाळाला घेऊन खिडकीपाशी आली. कार्यालयात झाडलोट करणारी भागीबाई हीच. चाळीतल्या निम्म्या बाळंतिणींना न्हाऊमाखू घालणारीही हीच.

"बगा मास्तर, कसा नाक उडवतो. बापावर गेलाय."

पश्चिमेची तिरपी उन्हे खिडकीतून आत येत होती. बाळ भागीबाईच्या खांद्यावर पालथे होते. अंगात पांढरे झबले, डोक्याला टोपडे; इतके तलम आणि इतके मऊ, की मास्तरांचा हात आपोआप पाठीवर गेला. झबल्याचा मागचा घोळ सैल होता. भागीबाईने तो सारखा करायला उचलला आणि ऊन त्यातून आरपार आले.

कापडात भोके होती. सुईच्या टोकाएवढी, ओळीने.

मास्तरांनी चष्मा वर केला. कंपासचे टोक कापडात रुतले की असे भोक पडते. पंढरी कंपास जरा जोराने टेकतो, हे त्यांनी त्याला तीनदा सांगितले होते. त्यांनी मोजले. अकरा. भोकांची ओळ सरळ नव्हती. वरून निघून डावीकडे वळली होती, मग आत घुसून पुन्हा बाहेर आली होती. तो बाक त्यांनी स्वतः साखळी टाकून मोजला होता. तारापूर, नांदगाव, सातपाटी, शिरगाव. त्यांचा सगळा किनारा त्या पाच दिवसांच्या बाळाच्या पाठीवर उन्हाने उमटला होता.

"टोपडं," ते म्हणाले. "टोपडं जरा दाखव."

टोपड्यात सहा. अकरा आणि सहा सतरा.

शाईची रेघ एकही उरली नव्हती. नकाशा सापडला होता, आणि सापडला होता पंढरीच्याच घरात, पंढरीच्याच मुलाच्या अंगावर. प्रधानांनी हे पाहिले असते, तर उद्याच्या पाचची वाटही पाहिली नसती.

पंढरी मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहत होता. "काय झालं? बाळाला काही..."

"बाळ ठणठणीत आहे," मास्तर म्हणाले आणि खाली बसले. "भागीबाई, हे कापड कुठून आणलंस?"

भागीबाईला प्रश्नात काहीच वावगे वाटले नाही. "हापिसातलं. रद्दीचं. पयलं अंगडं नव्या कापडाचं नाय घालत, मास्तर. मऊ पायजे. मंग आमी हे कापोड नेतो, सोड्यात उकडतो, खळ सगली जाते, काळं पन जातं. आतून असं मलमलीवानी निघतं. बन्सीच्या दोन पोरी याच कापडावर वाढल्या. परधान साहेबांचा नातू पन."

"रद्दीचं आहे, हे तुला कसं कळतं?"

"कसं म्हंजे? कोपऱ्यावरनं! ज्याचा खालचा कोपरा कापला ते रद. साहेब शनवारी कापून गठ्ठा ठेवतात. या शनवारी साहेब नव्हते, गठ्ठा नाय. पंढरीच्या पोराची पाचवी तर तोंडावर आली. मंग मी टेबलं बघत गेली, तर एकाचा कोपरा कापलेला. पिना काढल्या, डबीत ठेवल्या. गेटावर भैयाला कोपरा दाखवला, तो म्हनाला, जाव." तिने झबल्यावरून हात फिरवला. "खरं सांगू? मला वाईट वाटलं. एवढं झ्याक काढलेलं का टाकलं म्हनून. पंढरीला इचारनार व्हती, पन तो पोरात गुंतलेला."

पंढरीने झबल्याकडे पाहिले, मग खिडकीकडे, मग पुन्हा झबल्याकडे. त्याला कळले होते.

मास्तरांनी वही उघडली. आत, शनिवारपासून जपून ठेवलेली, कापलेली चौकट होती : निळसर कापडाचा एक काटकोनी तुकडा.

५

मंगळवारी सकाळी नऊ वाजता प्रधानांच्या टेबलावर तीन वस्तू मांडलेल्या होत्या : घडी घातलेले झबले, टोपडे आणि चौकटीचा तुकडा. पंढरी, बन्सी, रामसुमेर आणि भागीबाई भिंतीशी उभे. भागीबाईचे डोळे रडून सुजले होते.

"आधी निकाल सांगतो, मग रीत," मास्तर म्हणाले. "नकाशा गेला तो माझ्यामुळे. दुसरं नाव कुठंही लिहू नका."

"तुमच्यामुळे?"

"माझ्या शाळेत रद्द नकाशावर तांबडी फुली मारतात. बत्तीस वर्षं मी फुलीच मारली. तुमच्याकडे कोपरा कापतात, हे इथं सहा आठवडे बसूनही मी विचारलं नाही. शनिवारी तारीख बदलायची म्हणून मी नेमका तोच कोपरा कापला, कुणाला सांगितलं नाही आणि घरी गेलो. त्या क्षणापासून तुमच्या कार्यालयाच्या कायद्यानं तो नकाशा रद्दी झाला. भागीबाईनं कायदा पाळला. म्हणून पिना डबीत. रामसुमेरनंही पाळला, म्हणून तो म्हणाला नकाशा गेला नाही, रद्दी गेली. ती टोपलीत आहे हे त्यानं मला सांगितलंही होतं. मी नकाशाच शोधत होतो, रद्दीची चौकशी केलीच नाही. सगळे खरं बोलत होते, प्रधानसाहेब. न विचारता कात्री चालवणारा एकटा मी."

प्रधानांनी झबले उचलून खिडकीकडे धरले.

"हा सातपाटीचा वळसा," ते हळूच म्हणाले.

"कापडावर शाईचा ठिपका उरलेला नाही. गुपित बाहेर गेलंय ते सतरा भोकांएवढं, आणि तीही झबल्या-टोपड्यात. सुरक्षा विभागाला कळवायचंच असेल, तर मजकूर मी लिहून आणलाय. खाली माझी सही आहे."

प्रधानांनी कागद वाचला. पहिलेच वाक्य होते : चूक दामोदर काशिनाथ सावे यांची. "हे तुमच्या पुण्याच्या विद्यार्थ्यांना कळलं तर?"

"आधी त्यांनाच कळवा. माझ्याकडून शिकायचं त्यांचं एवढंच राहिलं होतं."

भागीबाईला हुंदका आला. "मास्तर, पन मी धुतलं ना ते..."

"तू धुतलंस म्हणून तर मला पुरावा दिसला. खळ असती तर भोकं बुजलेली राहिली असती."

रामसुमेरने घसा खाकरला. "साहब, तो हमारी नौकरी...?"

"आहे. पण यापुढं कोपऱ्याबरोबर तांबडी फुलीही बघ," प्रधान म्हणाले. "दोन्ही असेल तरच रद्दी." मग त्यांनी खण उघडून टाइप केलेला हुकूम काढला, टोपण उघडले आणि सही केली. बन्सी सगळ्यांत आधी पुढे झाला आणि त्याने पंढरीच्या पाठीत गुद्दा घातला.

"पेढे आण. आणि कंपास हलक्या हातानं टेकत जा, नाहीतर पुढच्या पोराची चाळणी होईल."

नकाशा नव्याने काढायला मास्तरांची मोजणीवही होती आणि पंढरीचा हात होता. बन्सीने न सांगता शेजारी बसून अक्षरे भरली. बारकावे गाळले, रात्र जागवली आणि दीड दिवसात किनारा पुन्हा उभा राहिला. या वेळी चिंचणीपाशी एक वर्तुळ जास्त होते. चंद्रकांताबाईंनी ते पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "उशीर झाला, पण रेघ सुंदर आहे." बुधवारी दुपारी मास्तरांनी तांबडी फुली नसल्याची स्वतः खात्री केली, छपाई झाली, आणि संध्याकाळच्या टपालाने प्रती पुण्याला गेल्या. सोबत मास्तरांचे चार पानी पत्र होते. चूक पहिल्या पानावर.

२५ फेब्रुवारीला सेहेचाळीस अभियंते आले. चिंचणीच्या कारागिराच्या भिंगावर ते इतके रेंगाळले, की मास्तरांना घड्याळ दाखवून त्यांना उठवावे लागले. केळव्याला दुपारी तीन वाजता समुद्र मागे सरला होता. सगळे ओल्या वाळूवरून चालत पाणकोटात गेले आणि कुणाचेही बूट भिजले नाहीत. पुण्याच्या समितीतल्या एका टक्कल पडलेल्या विद्यार्थ्याने तिथल्या तटावर उभे राहून विचारले, "गुरुजी, तिथीची पाऊणपट करायची हे आम्हाला वर्गात का नाही शिकवलंत?"

"परीक्षेत येत नव्हतं म्हणून," मास्तर म्हणाले. "तीही चूकच."

परतीच्या वाटेवर पाहुण्यांनी बस पामला वळवायला लावली. पत्र सगळ्यांनी वाचलेले होते. सोजराचा सवा महिना व्हायचा होता, म्हणून आत कुणी गेले नाही. चाळीच्या अंगणात दोरीवर झबले आणि टोपडे वाळत होते. मावळतीचे ऊन त्यांच्यामागे. सेहेचाळीस भूमापक एकेकाने पुढे येऊन, वाकून, बोटाने हवेत मोजून बाजूला होत होते. भागीबाई पदर खोचून शेजारी उभी होती. "हात नाय लावायचा," ती प्रत्येकाला सांगत होती. "धुतलेलं हाय." पंढरी दारात होता, मुलगा त्याच्या हातांत, आणि पाहुण्यांतला सर्वांत वयस्क अभियंता झबल्यापुढून सरळ त्याच्याकडे आला आणि त्याने पंढरीला, आधी पंढरीला आणि मग बाळाला, नमस्कार केला.

बसमध्ये मास्तरांनी वही उघडली. सहलीचा तक्ता भरायचा होता. पाहुणे : सेहेचाळीस. भिजलेले बूट : शून्य. पुढच्या रकान्यात त्यांनी पेन टेकवले, आणि जरा हलक्या हाताने लिहिले.

नियोजित थांबे अठरा. प्रत्यक्षात एकोणीस.